काजळीच्या घमेल्यातला वास

मी एक जुना विकर, म्हणजे एन्झाइम आहे. किती जुना, ते मलाही सांगता येत नाही. माणसाला नाक फुटण्याच्या कितीतरी आधीपासून आमचा घाणीचा कारभार चालू आहे. माझे नाव युरिएज. अमिडोहायड्रोलेज या मोठ्या कुळातला मी. पाण्याची मदत घेऊन पदार्थातला नत्राचा सांधा तोडायचा, हा आमच्या घरातल्या बहुतेकांचा पिढीजात धंदा. माझे काही भाऊबंद तुमच्या पेशींत आनुवंशिकतेची अक्षरे घडवायला हातभार लावतात, काही जिवाणूंच्या पोटात राहून शेतातले विष मोडतात. त्यांना मान आहे. माझ्या वाट्याला आला युरिया, म्हणजे मुताचा ऐवज. तो मोडला की अमोनिया सुटतो. मित्रांनो, एसटी स्टँडमागच्या भिंतीजवळून जाताना तुम्ही नाकाला रुमाल लावता ना, तो जिवाणूंत बसलेल्या माझ्या भावांचा पराक्रम. मला स्वतःलाच त्या वासाची शिसारी येते.

माझा हा जन्म मात्र स्वच्छ जागी झाला. काटोलकडच्या एका शेतात, सोयाबीनच्या दाण्यात. ऐंशी साल नुकतेच उलटले होते आणि हे पीक तिकडे नवे होते. दाणा रुजताना त्यातल्या युरियाचा नत्र सोडवून कोंबाला द्यायचा, एवढेच माझे काम होते. पण शेतमालकाच्या घरी आमची उसळ झाली आणि सगळ्यांनी पहिल्याच घासाला तोंडे वाकडी केली. उरलेले पोते नागपुरात सक्करदऱ्याला पाहुण्यांकडे धाडले गेले. माणसाला जे गिळवत नाही ते गुरांपुढे टाकायचे, ही तुमची जुनी रीत आहे.

पाहुणे म्हणजे चंपतराव. दुधाचा धंदा, गोठ्यात चार म्हशी. त्यांतली काजळी त्यांच्या बायकोची, गोपिकाची. ती माहेरहून लहानगी वगार म्हणून आली होती. गोपिकाची आई पुढे वारली; तिच्या हातची एवढीच जिवंत वस्तू लेकीजवळ उरली होती. आता काजळी गाभण होती.

युरिया चारल्याने म्हशीचे दूध वाढते, असे चंपतरावांनी कुठेतरी अर्धवट ऐकले होते. किती द्यायचा, कशात द्यायचा, कशात मुळीच द्यायचा नाही, हे ऐकायला ते थांबले नव्हते. त्यांनी आम्हाला कच्चेच भरडले, घमेल्यात भिजवले, वर खताच्या पोत्यातला युरिया ओतला आणि ओले पोते झाकून ठेवले. झाले, मला रान मोकळे मिळाले. संध्याकाळी पोते काढताच असा भपकारा उठला की गोपिकाच्या डोळ्यांतून पाणी आले.

"अवो, हे मुतारीवानी काहून वासून राहिलं?"

"औषधाले वास राहतेच वं," चंपतराव म्हणाले. "तुले तर साऱ्याच गोष्टीची किळस."

काजळीने घमेले हुंगले आणि मान फिरवली. मुक्या जनावराला कळले, पण शहाण्याला कळेना. चंपतरावांनी गूळ कालवला. गुळाने वास दबला, म्हैस फसली आणि तिने अर्धे घमेले संपवले.

तिच्या पोटात ऊब होती, पाणी होते आणि समोर युरियाचा डोंगर. मी थांबू शकत नाही, मित्रांनो. मला तोडायचे कळते, हात आवरायचे कळत नाही. अमोनिया रक्तात उतरत गेला. थोड्याच वेळात काजळीच्या तोंडाला फेस आला, पोट नगाऱ्यासारखे फुगले, पाय लटपटले आणि ती दावणीशीच कोसळली. त्या क्षणी मला माझ्या जातीची किळस आली.

बरे झाले की गुरांचे डॉक्टर मधुसूदन पलीकडच्या गल्लीतच राहत; हाकेसरशी ते आले. त्यांनी घमेले लांबूनच हुंगले आणि विचारले, "सिरका आहे का घरात?"

"सिरका कुठला जी?" गोपिका म्हणाली. "ताक हाय. पण लय दिसांचं, नाकाशी धरवत नाही."

"तेच आणा. जितकं आंबट तितकं बरं. आणि थंड पाणी, भरपूर."

फेकायला काढलेले ते माठभर ताक बांबूच्या नळीने काजळीच्या घशात गेले, पाठोपाठ बादल्याच्या बादल्या पाणी. आंबटात माझे हातपाय गळतात, आणि अमोनियाही रक्तात शिरायचा थांबतो. आयुष्यात पहिल्यांदा हरल्याचा मला आनंद झाला. गोपिका शेणात बसून काजळीची मान मांडीवर घेऊन होती. चंपतराव खांबाशी उभे होते. बऱ्याच वेळाने काजळीने कान हलवला, मग धडपडत उठली. पोटातले वासरूही वाचले.

मित्रांनो, घाण वास ही माझी एकच हाक आहे. ती गुळाखाली दाबू नका. कच्च्या सोयाबीनला युरियाची सोबत देऊ नका. ते चांगले भाजा, म्हणजे मी त्यातच संपतो. आणि कोणाला किळस आली तर हसण्याआधी विचारा, कशाची आली.

आज चुलीवर मोठी कढई तापली आहे. चंपतराव पोत्यात उरलेले आमचे दाणे भाजत आहेत. पहिला घाणा उतरला, तेव्हा त्यांनी मूठभर दाणे भरडून गोपिकाच्या नाकापुढे धरले.

"पाय बरं, येते का वास?"

तिने सावकाश हुंगले. "नाही येत. द्या आता काजळीले."

पुढचा घाणा आमचा आहे.