बेसिनपाशी उभी सिस्टर

शिल्पाने गेम थांबवला, तशी बेसिनपाशी उभी असलेली सिस्टर पडद्यावर जागच्या जागी थबकली. मागे वॉर्डात सात नंबरच्या खाटेवरची बेल वाजत होती. सकाळी त्या खाटेवरचा म्हातारा मेलेला सापडतो आणि सिस्टर सांगते, मला बेल ऐकूच आली नाही. गेम आल्यापासून खेळणारे भांडत होते, बाई खोटारडी की बिचारी?

अंगावर काटा आणणाऱ्या गेममधली असली अर्धी बरी, अर्धी वाईट माणसं शिल्पा आपल्या मराठी व्हिडिओंतून उलगडून सांगायची. लातूरच्या दोन खोल्यांत माइक लावून बोलायची. बघणारे तीन-चारशेच, पण जीव लावून बघायचे. त्यातली पहिली दीपमाला. आजही तिचा मेसेज होता, 'सिस्टरला दोष देऊ नको गं. कामातल्या बाईला खरंच ऐकू येत नाही. आपल्या काकूंचंच बघ ना.'

काकू म्हणजे शिल्पाची आई, शिवकांता. दोन वर्षांपूर्वी ती मुलींच्या एका हॉस्टेलवर रेक्टर होती. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला आलेल्या पोरींचे मोबाइल कपाटात बंद. घरचा फोन फक्त रविवारी, तोही ऑफिसातल्या एकाच नंबरवर. एका बुधवारी दुपारी तो नंबर नऊ वेळा वाजला. तिकडे जळकोटला, त्याच हॉस्टेलवर राहणाऱ्या दीपमालाचे वडील शेवटच्या घटका मोजत लेकीचं नाव घेत होते. उशिरा निरोप मिळून ती पोचली तेव्हा सरण विझत आलं होतं. 'मी नळावर होते, ऐकू आलं नाही,' असं शिवकांता म्हणाली, आणि ती भोळी पोर तिच्याच गळ्यात पडून रडली.

शिल्पाने रेकॉर्डिंग सुरू केलं. "तर माझ्या मते सिस्टर निर्दोष आहे. ती हात धूत होती, पाण्याच्या आवाजात..."

"मागं घे जरा," दाराशी डाळ निवडत बसलेली शिवकांता म्हणाली.

या खेळांकडे तिने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शिल्पाने हसत मागे घेतलं. बेल वाजली. सिस्टरने मान किंचित वळवली. मग नळ सोडला.

"आधी बेल, मग नळ. हात कोरडेच होते की तिचे."

शिल्पाने हा प्रसंग पन्नासदा पाहिला होता, पण हे तिला दिसलं नव्हतं.

"मग वाईटच होती का गं ती?"

"वाईट कशाची? एकीला घरचा आवाज ऐकवला की चाळीस जणी रडत येत्यात. अभ्यास बुडतो समद्यांचा." सुपातली तिची बोटं थांबली. "तिला वाटलं, आसंल कुणाची तरी आई. बोलंल रविवारी."

वॉर्डात कुठला अभ्यास आणि कुठला रविवार! माइकचा लाल दिवा चालूच होता. तिने घाईने हात पुढे केला.

"हे काढून टाकते आई. कुणालाच कळणार न्हाई."

"दीपमाला बघती का हे?"

"हाव. माझे सगळे व्हिडिओ बघते."

शिवकांताने सूप खाली ठेवलं.

"मग ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी शिल्पाने व्हिडिओ टाकला. शिवकांता मोरीत भांडी घासत होती. तासाभराने फोन वाजला. पडद्यावर दीपमालाचं नाव होतं. शिल्पाचा हात काही पुढे होईना.

मोरीतला नळ बंद झाला. शिवकांता ओल्या हातांनीच बाहेर आली.

"दे इकडं," ती म्हणाली.