थोरल्यांची रांग

एल्के खूश होती आणि मला तिचाही राग येत होता. तिचा यात काडीचाही दोष नव्हता. माझ्या धाकट्या भावाची, निनादची, ही जर्मन बायको पहिल्यांदाच भारतात आली होती आणि जयपूरच्या आमच्या मराठी मंडळाने कोजागिरीची सहल शहराबाहेर कानोत्याच्या धरणाच्या बांधावर काढली होती. सतरंज्या, गार वारा, हातात भेळेचा द्रोण आणि समोर मंडळातली विनया पेटीवर चंद्राची गाणी म्हणतेय. एल्के भलत्याच जागी टाळ्या वाजवत होती, मिरची लागून वाहणारं नाक पुसत होती आणि प्रत्येक गाणं संपलं की माझा दंड धरून इंग्रजीत म्हणत होती, "मंदा, काय संध्याकाळ आहे ही!"

तिचा नवरा कोपरावर रेलून लोकांना सांगत होता, की त्यांच्याकडेसुद्धा उन्हाळ्यात बागेत असेच कार्यक्रम होतात, लोक पाव आणि चीज घेऊन येतात. आई त्याच्या शेजारी त्याची शाल मांडीवर घेऊन बसली होती. निनादला थंडी वाजेल म्हणे. जर्मनीत राहणाऱ्या माणसाला जयपूरच्या ऑक्टोबरात थंडी वाजेल! मी आणलेला स्वेटर मात्र पिशवीतच होता, आईला तो घालायला सांगितला तर मलाच म्हणाली, "कटकट करू नकोस गं."

मी विमा कंपनीत आहे. बाबा गेल्यापासून आई माझ्याजवळ असते. माझी बदली झाली की आम्ही दोघी सामान बांधतो; नागपूर झालं, भोपाळ झालं, आता जयपुरात, सोडाला भागात भाड्याने राहतो. आईची साखर, आईचे गुडघे, आईचा रुसवा, सगळं माझ्याकडे. निनादकडे रविवारचा फोन. त्या फोनवर आईचा आवाज असा गोड होतो की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळते.

पण कोजागिरी माझी असते. या दिवशी घरातल्या पहिल्या अपत्याला आई ओवाळते, मग तो मुलगा असो की मुलगी. आश्विनी म्हणतात आमच्याकडे. बाकी वर्षभर काहीही असो, या एका संध्याकाळी आई माझ्यासाठी निरांजन लावते, कुंकू लावते आणि अगदी लहान मुलीला म्हणावं तसं "औक्षवंत हो" म्हणते. माझे केस पांढरे झाले तरी मला ते हवं असतं. का हवं असू नये?

मुलांच्या शाळा असतात म्हणून आमचं मंडळ मध्यरात्रीची वाट बघत नाही. चंद्र बांधाच्या वर आला आणि सेक्रेटरी वसंतरावांनी माइक घेतला. "घरोघरच्या थोरल्यांनी पाटावर यावं! आयांनी ताम्हनं घ्यावीत!" रांगेत पाट मांडले होते. शाळकरी पोरींपासून टक्कल पडलेल्या कर्नलसाहेबांपर्यंत सगळे लाजत जाऊन बसू लागले. मी कुल्हडांत दूध ओतत होते. पळी ठेवून हात पुसले आणि वळले, तर आमच्या पाटावर निनाद बसलेला. आईच त्याला हाताला धरून घेऊन गेली होती.

एल्के माझ्याजवळ आली. "हे लोक कोण?"

"घरातली पहिली मुलं."

"पण तू मोठी आहेस ना?"

"हो."

तिला वाटलं, नवऱ्याचा घोटाळा झाला. ती हसत पुढे गेली आणि तिने त्याला दंडाला धरून उठवलं. "तू नाही! मंदा!" सगळी रांग हसली. निनादही हसला. "खरंच की. सॉरी ताई, आई म्हणाली म्हणून बसलो. ये तू."

"बस रे तू," आई म्हणाली. "तिचं काय, ती रोजचीच आहे."

रोजचीच. इतक्या वर्षांच्या इन्सुलिनच्या सुया, दवाखान्यातली बाकडी, फिरतीवर हिला एकटं कसं सोडायचं म्हणून नाकारलेलं प्रमोशन, सगळ्याचं मिळून हे एवढंच नाव होतं. मी चालत गेले आणि पाटावर बसले. पदर सावरला. "ओवाळ," म्हणाले.

"लोक बघतायत, मंदे."

"बघू देत."

पेटी थांबली होती. आईने कुंकू लावलं, ते भुवईवर घसरलं. तिने ताम्हन उचललं आणि भराभरा फिरवलं. त्या वेळात निनादने कॅमेरा काढला होता. "आई, इकडे बघ!" आणि आई वळली. ओवाळत होती मला आणि हसत होती त्याच्याकडे बघून. फ्लॅश पडला. एल्केने टाळ्या वाजवल्या.

आईने ताम्हन खाली घेतलं आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "झालं समाधान?"

"नाही," मी म्हणाले, आणि मी हळू बोलले नाही. "परत ओवाळ. माझ्याकडे बघून."

कुणीतरी खोकलं. निनाद म्हणाला, "ताई, म्हणजे... राहू दे ना आता." मी त्याच्याकडे मान वळवली नाही. वाऱ्याने निरांजनाची ज्योत आडवी झाली होती. आईने हाताचा आडोसा केला, ती सरळ होईपर्यंत थांबली. मग ताम्हन माझ्या चेहऱ्यासमोर धरलं आणि हळूहळू फिरवलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, डोळ्यांत संताप होता, अगदी माझ्यासारखा. आशीर्वाद तिने दिला नाही. पण माझ्याकडे बघत होती.