वेशीवरची सिस्टर

सिस्टर ब्रिजिदा एकाहत्तर वर्षांची होती आणि तिचे दोन्ही गुडघे आता तिचं ऐकत नव्हते, हे तिला मान्य होतं. मान्य नव्हतं ते एवढंच, की गुडघे थकले म्हणजे सगळं माणूसच थकलं असं लोकांनी धरून चालावं. न्यूझीलंडमध्ये, तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या एका नदीकाठच्या गावात चौतीस वर्षं काढून ती ऑक्टोबरात परत आली होती. जन्म वसईचा, पण तिच्या धर्मसंघाने तिला धाडलं भिवंडीला, धामणकर नाक्यामागच्या गल्लीतल्या सिस्टरांच्या छोट्या घरात. शेजारच्या यंत्रमागांची खडखड तिथे दिवसरात्र चालायची. बाकीच्या सिस्टर त्यावरून कुरकुरायच्या, ब्रिजिदाला मात्र छान झोप लागायची.

घराची प्रमुख सिस्टर करिष्मा. तलासरीची, जेमतेम अडतीस वर्षांची, स्वतः जीप चालवणारी. कामाला अशी वाघीण की तिच्यासमोर नुसतं बसायची कुणाची छाती होत नसे. दर गुरुवारी ती अकलोलीच्या पुढे, तानसा नदीकाठच्या पाड्यांवर दवाखाना घेऊन जायची. अंगणवाडीच्या खोलीत टेबल मांडायचं, रक्तदाब बघायचा, जखमा बांधायच्या. पण ती खोली वर रस्त्याला होती आणि म्हातारी माणसं खालच्या पाड्यात. ती काही चढून येत नसत. खाली घरोघरी जाणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते काम ब्रिजिदाने मागून घेतलं.

"तीन गुरुवार बघू," करिष्मा म्हणाली होती. "जमलं तर काम तुमचं. नाहीतर नाताळानंतर तुम्हाला वसईच्या विश्रांतीघरात पाठवायचं आपल्या संघाच्या मदरच्या मनात आहे. तिथे बाग आहे, टीव्ही आहे. आराम करा की आता."

ब्रिजिदाला त्या बागेची धडकी भरली. आयुष्यभर राबलेल्या बाईला नुसतं बसवून ठेवलं तर ती कशाने मरेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या गुरुवारी ती काठी टेकत खालच्या पाड्याच्या वेशीशी पोचली, चिंचेखाली थांबली, आणि तिथेच उभी राहिली. अर्धा तास झाला, तास झाला. समोर पंधरा-वीस घरं, अंगणात वालाच्या शेंगा पसरलेल्या, दोरीवर मासे वाळत घातलेले. बायका तिच्याकडे बघत, आपसात काही बोलत आणि आत जात. बारा वाजले तशी ती परत फिरली.

आता ती उभी का राहिली, हे सांगायला हवं. त्या माओरी गावात ती पहिल्यांदा गेली तेव्हा सदतीस वर्षांची होती आणि भलं करायचं वारं अंगात शिरलेलं. औषधाची पेटी घेऊन ती गावाच्या मोठ्या सभाघराच्या अंगणात तरातरा शिरली. नॅनी हेनी नावाच्या म्हातारीने तिला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं आणि उभं केलं. नवख्या माणसाने आपल्या पायाने आत यायचं नाही. गावातल्या बाईने ओसरीवरून लांब सुरात हाक घालायची, येणाऱ्याच्या मेलेल्या माणसांचीही आठवण काढायची, मग पाहुण्याने सावकाश पुढे व्हायचं, नाकाला नाक लावायचं, मग चहा. "भलं करायला आलेल्याने तर दुप्पट थांबावं," म्हातारी म्हणाली होती. "तुमच्या आधी पुष्कळ जण भलं करायला आले नि न विचारता घुसले." त्या दिवशी ब्रिजिदाला हाक आली, आणि पुढे चौतीस वर्षं तिने त्या गावातली बाळंतपणं काढली, नदीतले वाम मासे धुरी देऊन खायला शिकली, आणि शेवटी नॅनी हेनीला आपल्या हाताने आंघोळ घातली. हाक आल्याशिवाय कुणाच्या गावात पाऊल टाकायचं नाही, हा धडा तिने मंत्रासारखा जपला होता. तो इथे कुणाला माहीतच नाही, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. शहाणी माणसं चुकतात ती अशी.

"आज किती घरं झाली?" करिष्माने जीपमध्ये विचारलं.

"एकही नाही. अजून बोलावलं नाही त्यांनी."

करिष्माने तिच्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

दुसऱ्या गुरुवारी तिला पाहताच दोन दारं धाडकन लागली. थोड्या वेळाने बाळाराम नावाचा पन्नाशीचा माणूस काखेत सातबाऱ्याचे कागद घेऊन तिच्याकडे आला.

"कुठल्या कंपनीकडून आल्या तुमी?"

"कंपनी? मी सिस्टर आहे. वरच्या दवाखान्यातली."

"दवाखाना वर हाय. हितं उभं ऱ्हाऊन घरं कसली मोजता? गोदामवाला दलाल असाच उभा ऱ्हायला होता. रस्त्याच्या मोजनीवाले पन. आमची सही झालेली न्हाय नि होनार पन न्हाय."

"मला जमीन नको हो. तुम्ही बोलावलंत की मी येईन."

"कोन बोलावनार?" बाळाराम गोंधळून म्हणाला. "आन कशाला?"

तो गेला आणि ती चिंचेखालीच उभी राहिली. त्या दिवशी परत येताना अंबाडी गावाच्या अलीकडे ती जीपमध्ये गुपचूप रडली. करिष्माला ते दिसलं असावं, कारण तिने वसईच्या बागेचं नाव काढलं नाही.

तिसरा गुरुवार. ब्रिजिदा चिंचेखाली थांबली तेव्हा गुडघ्यांपेक्षा काळीज जास्त दुखत होतं. संध्याकाळी मदरना फोन जायचा होता. तासाभराने एका घरातून एक म्हातारी बाहेर आली. नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, हाताला पीठ. ही बाळारामची आई, बायजाबाई. ती सरळ येऊन ब्रिजिदासमोर उभी राहिली.

"कुनावर रुसलीस?"

"मी? कुणावरच नाही."

"मंग तीन गुरवार हितं काय करतेस? आमच्यात जावई रुसला का असा येशीवर उभा ऱ्हातो. तू कुनाचा जावई?"

ब्रिजिदाला हसू आलं, आणि हसता हसता तिने सगळं सांगून टाकलं: नदी, फाटक, नॅनी हेनी, हाक. बायजाबाई चिंचेच्या मुळीवर टेकून ऐकत होती. नाकाला नाक लावतात हे ऐकून तिने आधी तोंडाला पदर लावला. मग मेलेल्यांची आठवण काढतात हे ऐकलं, तेव्हा पदर खाली आला.

"तुझी म्हातारी शानी होती," ती म्हणाली. "तिच्या गावात तिचं बरोबर. पन आमच्यात बोलावनं धाडतात ते लग्नाला नि परक्याला. घरच्याला कोन बोलावतं? दार उघडं हाय, येतो नि बसतो. मी तुला हाक घातली म्हंजे तू परकी झालीस. मंग तुला बशीतून च्या द्यायचा, खुर्ची द्यायची, नि तू कधी उठतेस त्याची वाट बघायची. तसं पायजेल तुला?"

"नको," ब्रिजिदा हळूच म्हणाली.

"मंग मी न्हाय बोलावनार," बायजाबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. मागे वळूनही न पाहता ती घरात गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

ब्रिजिदा त्या दाराकडे बघत राहिली. आत जायला बोलावलं असतं तर ती धावत गेली असती. न बोलावता जायचं म्हणजे चौतीस वर्षं गिरवलेलं पुसायचं. दंडाला धरून बाहेर काढणारा तो हात तिला अजून आठवत होता. मला माफ कर नॅनी, ती मनात म्हणाली, इथली नदी वेगळी आहे. आणि तिने पाऊल उचललं. चिंचेपासून त्या घरापर्यंतची वाट काही फार नव्हती, पण इतकी भीती तिला विमानात पहिल्यांदा बसतानाही वाटली नव्हती.

उंबरठ्याबाहेर चपला काढून ती आत गेली. बायजाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही.

"ती तव्यावरची उलट. करपते."

ब्रिजिदाने काठी भिंतीला लावली आणि भाकरी उलटली. बोट भाजलं. ते तिने तोंडात घातलं आणि दुसरी भाकरी टाकली.

डोळे अंधाराला सरावले तेव्हा कोपऱ्यातली खाट दिसली. खाटेवर बायजाबाईचे नवरे विठूबाबा निजले होते, आठ महिन्यांपासून लकव्याने एक बाजू गेलेले. वरच्या दवाखान्यात त्यांचं नावही कुणाला माहीत नव्हतं. ब्रिजिदाने त्यांना कुशीवर वळवलं, पाठीवरची जखम पाहिली आणि पिशवी उघडली. जखम धुऊन पट्टी बांधेपर्यंत शेजारची हौसा डोकावली, मग आणखी एक सून. सासऱ्यांच्या पायाला सूज आहे, आत्याला दिसत नाही, असं एकेक घर आपणहून बोलायला लागलं. खुर्ची कुणीही आणली नाही. ब्रिजिदा जमिनीवर बसली, आणि गुडघ्यांनी काय आरडाओरडा केला तो तिच्यापाशीच राहिला.

अडीच वाजता करिष्मा शोधत आली. वेशीवर सिस्टर नाही म्हटल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दाराशी थांबून तिने विचारलं, "सिस्टर, आहात का? आत येऊ?"

"ही कोन इचारनारी?" बायजाबाई चुलीपुढून म्हणाली. "आत यायला पाय दुखतात का तिचे?"

करिष्मा आत आली. ब्रिजिदाची बाही पिठाने माखलेली, मांडीवर विठूबाबांचा पाय, आणि ती त्याला तेल चोळत होती. मग करिष्मानेही बाह्या सरसावल्या.

निघताना ब्रिजिदा उठली, काठी शोधू लागली. बायजाबाई शेंगा सोलायला बसली होती.

"पुढल्या गुरवारी सकाळची ये," ती शेंगांतून मान वर न करता म्हणाली. "म्हाताऱ्याला आंघोळ घालायची हाय. मला एकटीला उचलत न्हाय."

करिष्माने फोन काढला, पण मदरचा नंबर लावायच्या आधी तो परत खिशात ठेवला. यात विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोघी चढ चढू लागल्या. अर्ध्या वाटेवर ब्रिजिदाने मागे वळून पाहिलं. तिला निरोप द्यायला दारात कुणीही आलं नव्हतं. एकाहत्तर वर्षांत तिला इतकं बरं क्वचितच वाटलं होतं.