आयतं जेवण

भावाने तंबू उभा करेपर्यंत ताई दगडावर बसून होती. मदत करावी असं मनात येत होतं, पण उठवेना. अंथरुणाला खिळलेल्या आईचं चार वर्षं तीच एकटी करत होती, आणि मधल्या वेळात शाळेचे गणवेश शिवत होती. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. दर रविवारी फोनवर "आई कशी आहे?" विचारलं की त्याचं कर्तव्य संपायचं. या आठवड्यात मात्र तो बायकोसकट आला. बायकोला आईपाशी ठेवलं आणि ताईला गाडीत घालून दोन दिवसांसाठी या डोंगरावर आणलं.

"तू फक्त बस. आजचा स्वयंपाक माझा," म्हणत त्याने छोटा गॅस पेटवला.

स्वयंपाक म्हणजे दोन पाकिटं. गोठवून सुकवलेला भात, मटार आणि कोंबडीचे तुकडे; हातात घ्यावं तर कापसासारखं हलकं. आतली, अन्न टिकावं म्हणून घातलेली छोटी पुडी त्याने आठवणीने काढून टाकली, उकळतं पाणी ओतलं, पाकिटांची तोंडं मिटली आणि बरोब्बर दहा मिनिटांनी एक ताईच्या हातात दिलं.

पहिल्याच घासाला मटार दाताखाली कडकड वाजले.

"हे काय, खडे शिजवलेस?"

"पाकिटावर दहाच मिनिटं लिहिलीत गं."

"ते खाली बसून लिहिलंय. उंचावर पाणी उकळतं, पण तेवढं तापत नाही. सातवीत मीच शिकवलं होतं तुला." ती उठायला लागली.

"तू बस. नुसतं सांग."

सांगायचंही तिच्या जिवावर आलं होतं. तरी तिने सांगितलं. त्याने आणखी अर्धा कप उकळतं पाणी घातलं, पाकिटं स्वेटरमध्ये गुंडाळली आणि भांड्यात लोण्यावर लसूण परतायला घेतला.

ताईने पुन्हा फोन पाहिला. "आईची कूस बदलली असेल का?"

"बाराला बदलली. हिने कळवलंय."

तिने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "चार वर्षांत एकदाही नाही आलास रे."

"भीती वाटायची. उचलताना हातातून पडली तर?"

"आणि मला नव्हती वाटत?"

लसूण करपायला आला, तेव्हा त्याने घाईने भांडं उतरवलं.

वीस मिनिटांनी भात मऊ झाला होता. वर लसूण, लोणी, लिंबू. ताईने पाकीट पुसून खाल्लं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"पुढच्या महिन्यापासून दोन महिने आई माझ्याकडे. हिच्याशी बोललोय मी."

"नव्याचे नऊ दिवस."

"मग दहाव्या दिवशी फोन करून शिव्या घाल."

हसायचंसुद्धा त्राण नव्हतं, पण ती हसली. मग तंबूत जाऊन भरदुपारी जी आडवी झाली, ती ऊन उतरेपर्यंत हलली नाही. बाहेर भाऊ दबक्या आवाजात बायकोला विचारत होता, "कूस बदलताना आधी खांदा धरायचा की कंबर?"

पुढच्या महिन्यात तो ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा आला, पण आला. आईला त्याने स्वतः उचलून गाडीत निजवलं. ताई नुसती शेजारी उभी राहिली, आणि गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर दाराच्या पायरीवरच बसली.