पाण्यासाठी प्रार्थना

शंखधवल, शांत, स्निग्ध अशी सकाळ. प्रशांत महासागराच्या अथांग निळाईत ओनेराओ नावाचं एवढंसं बेट पहुडलेलं. एका अंगाला गर्जणारा, गहिरा, नीलगर्भ सागर; दुसऱ्या अंगाला पाचूच्या रंगाचं उथळ, निवांत पाणी; आणि मध्ये नारळांची, केवड्याच्या बनाची एक चिंचोळी पट्टी. इतकी चिंचोळी, की एका किनाऱ्यावरून गीत गुणगुणत निघावं, तर ते संपायच्या आत दुसरा किनारा येतो.

रंग सांडताना देवाने इथे हात सैल सोडला होता. जमीन देताना मात्र तोच हात आखडता घेतला. का, ते त्यालाच ठाऊक.

बेटाच्या मध्यावर चुन्याने रंगवलेलं छोटं प्रार्थनामंदिर होतं. त्याच्या सावलीत प्रवाळाच्या दगडांनी बांधलेली विहीर होती. ओनेराओचं सारं गोड पाणी त्या एका विहिरीत. पावसाचं पाणी वाळूत मुरायचं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत राहायचं. तेवढ्या सायीवर बेट जगत होतं. ती नासली तर सरकारची बोट येणार होती आणि माणसांना उचलून दूरच्या मोठ्या बेटावर, कुणाच्या तरी जमिनीवर, नेऊन ठेवणार होती. शेजारचं बेट असंच रिकामं झालेलं. तिथे आता फक्त पक्षी राहतात.

या विहिरीची राखण म्हाताऱ्या मेरेआनाकडे होती. रोज पहाटेच्या केशरी उजेडात ती केवड्याच्या पानांचं झाकण बाजूला सारायची, पहिली बादली ओढायची, ओंजळभर पाणी तोंडात घोळवायची आणि मोठ्याने म्हणायची, ''वाई!'' म्हणजे गोडं पाणी. तो शब्द कानी पडल्याशिवाय बेटावर कुणी घोट घ्यायचं नाही.

आणि समुद्राला तिथे म्हणत ताई.

ताबिथा पाटोळेला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. नगर जिल्ह्यातल्या बोरटेक गावची ही परिचारिका, मिशनने इथल्या दवाखान्यावर धाडलेली. गावात लहानथोर सगळे तिला ताई म्हणत. आणि इथे किनाऱ्यावर लाटा फुटल्या की पोरं ओरडत, ''ताई आली, ताई आली!'' ताबिथा दारातून डोकावायची आणि स्वतःवरच हसायची.

त्या ऋतूत मात्र तिचं हसू मावळलं. ताई रोज थोडी पुढे येत होती. नारळाची मुळं उघडी पडली, अळूची खाचरं पिवळी पडली, आणि येत्या अमावास्येचं उधाण मोठं असणार असं रेडिओ सांगू लागला. मेरेआना दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली.

''लेकी, तुझ्या देशातली माणसं पुष्कळ. त्यांचा आवाज मोठा. त्यांना सांग, आमच्यासाठी मागा.''

मंदिरामागच्या उंचवट्यावर मोबाइलला कधीमधी रेंज मिळायची. ताबिथाने बोरटेकला फोन लावला. आईचा आवाज आला, सगुणाबाईचा, खरखरत, तुटत. ताबिथा ओरडून म्हणाली, ''आई, इथं पाण्याची फार काळजी आहे. मंडळीला सांग, पाण्यासाठी प्रार्थना करा. पाण्यासाठी, आई...'' आणि फोन तुटला.

पाण्यासाठी. एवढाच एक शब्द समुद्र ओलांडून गेला.

बोरटेक! तिथली माती तापून तांबडी, तिथलं आभाळ तापून पांढरं. तिथे बायकांचं अर्धं आयुष्य हंड्यांच्या रांगेत जातं आणि टँकरचा भोंगा वाजला की प्रार्थनेतलं आमेनसुद्धा घाईने उरकतं. त्या गावाने पाण्यासाठी म्हणजे काय समजावं? त्यांनी समजायचं तेच समजलं.

काही दिवसांनी मोबाइलवर एक ध्वनिसंदेश उतरला. आधी आई होती. ''ताबे, अगं पान्याबिगर कशी राहती गं तू? इतक्या लांब जाऊन तुझ्या नशिबी पुन्हा तेच! आम्ही समद्यांनी उपास धरलाय. तू घोर नको करू. देव लई पानी देईन बग.'' मग गावच्या चर्चचे पाळक शामुवेलदादा यांचा भरदार, कंपित, भक्तिभरला स्वर: ''हे प्रभू, त्या तहानेल्या बेटाला पाणी दे! भरभरून दे! त्यांची विहीर तुडुंब भरू दे, काठावरून वाहू दे!'' आणि मागून साऱ्या मंडळीचं घनगंभीर, एकमुखी आमेन.

ताबिथाला आधी हसू आलं. मग इथली विहीर तुडुंब भरेल ती कुठल्या पाण्याने, हे तिच्या ध्यानात आलं.

तिने पुन्हा फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला. वाऱ्याने पलीकडच्या बेटावरचा टॉवर बंद पाडला होता. ती उंचवट्यावर हात उंचावून उभी राहायची, कधी या टोकाला, कधी त्या टोकाला, आणि मोबाइल मुका तो मुकाच. खाली मेरेआना वाट पाहत होती.

''काय म्हणतात तुझी माणसं?''

''प्रार्थना करताहेत.''

''आमच्या विहिरीसाठी?''

''हो, विहिरीसाठीच. उपाशी राहून.''

म्हातारीचे डोळे भरून आले. घराघरांत जाऊन तिने ते सांगितलं. ज्यांना आपण पाहिलं नाही, ज्यांनी आपल्याला पाहिलं नाही, ती माणसं आपल्यासाठी जेवत नाहीत! त्या दिवशी बेटावर उत्सवासारखा आनंद होता, आणि त्या आनंदात ताबिथा एकटी, अपराध्यासारखी हिंडत होती.

देवाला भाषा कळते, शब्दामागचं मन कळतं, हे ती इतरांना शिकवत आली होती. पण भीतीला शिकवणूक पुरत नाही. मंदिराच्या थंड फरशीवर तिने गुडघे टेकले आणि आयुष्यात कधी मागितलं नव्हतं ते मागितलं. ''प्रभू, माझ्या आईचं ऐकू नकोस.'' म्हणून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली. तरी तिने ते पुन्हा म्हटलं.

अमावास्येची संध्याकाळ आली. आभाळ शेंदरी, जांभळं, राखाडी झालं. पुरुषांनी विहिरीभोवती दगड रचले, वाळूची पोती रचली, बायकांनी चटया आणून कोंबल्या. समुद्र मात्र गरजलाच नाही. तो आला हळूहळू, मायेने आल्यासारखा. नारळांच्या बुंध्यांना वळसे घालत आला, दवाखान्याच्या पायऱ्या चढला, मंदिराच्या उंबऱ्याशी थबकला आणि आत गेला. पोत्यांवरून आला, दगडांमधून आला, आणि माणसं वरचे दगड सावरत होती तेव्हा खालच्या वाळूतूनही आला. विहीर भरली. काठावरून वाहिली. शामुवेलदादांनी मागितलं होतं, तसंच आणि तितकंच.

सकाळी पाणी ओसरलं होतं. निर्मळ, निळी, निष्पाप सकाळ, बघवत नव्हती. सगळं बेट विहिरीभोवती उभं होतं. मेरेआनाने बादली ओढली, ओंजळ भरली, पाणी तोंडात घोळवलं. पुष्कळ वेळ घोळवलं. जणू जिभेलाच ती विनवत होती. मग ती अगदी हळू म्हणाली,

''ताई.''

''ओ?'' ताबिथा म्हणाली.

जन्माची सवय. हाक आली की ओ द्यायची. म्हातारीने तिच्याकडे वळून पाहिलं, आणि तेव्हा कुठे ताबिथाला कळलं की ती हाक नव्हती. ती काठाच्या दगडावर बसली.

तेवढ्यात पदराआड मोबाइल वाजला. टॉवर सुरू झाला होता, आता.

''ताबे! ऐकू येतंय का? पानी आलं का गं तिकडं?''

सांगता आलं असतं. कुठलं पाणी हवं होतं आणि कुठलं आलं, हे सगळं सांगता आलं असतं. पण त्या आवाजात उपासाचा थकवा होता आणि थकव्यावर मात करणारी केवढी तरी आशा होती. हंड्यांच्या रांगेत जन्म काढलेल्या बाईला, पाणी फार आलं म्हणून बेट बुडालं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

''आलं, आई.''

''किती आलं?''

''लई आलं. विहीर तुडुंब भरली.''

''अगं बया! ऐकलं का समद्यांनी? पानी आलं!'' आणि पलीकडे सगुणाबाई रडू लागली, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी ढोलकी ओढली, आणि बोरटेकच्या त्या तापल्या पत्र्याखाली उपकारस्तुतीचं गाणं सुरू झालं. थकलेले, कोरडे, आनंदाने चिरकलेले आवाज. ताबिथाला फोन बंद करवेना आणि ऐकवेना.

मेरेआनाने बादली पुन्हा आत सोडली होती. ओढली, जवळच्या नीरफणसाच्या बुंध्याशी ओतली, पुन्हा सोडली. खारं उपसलं तर खाली गोडं असेल, अजून असेल. बायका पुढे झाल्या. डबे आले, करवंट्या आल्या, लहान मुलं ओंजळी घेऊन आली. ताबिथाने गाणारा फोन काठावर ठेवला आणि दोराला हात घातला.

ऊन चढत गेलं. गाणं कधीतरी संपलं. बादली भरून वर येत होती, नीरफणसाखाली रिती होत होती, रिती होऊन पुन्हा खाली जात होती. हात सोलत होते, माती खारट होत होती. आणि विहीर भरलेली होती, भरलेलीच होती.