साखरेचा सुळका

"वाळवंट माणसाला अबोल करतं," माराकेशच्या वेशीवर गाडी थांबवून बास्सूने गंभीरपणे जाहीर केलं. "एकदा त्या वाळूत पाऊल पडलं की शब्द गळून पडतात. उरते ती फक्त शांतता."

यानंतर तो तिश्काच्या घाटमाथ्यापर्यंत, म्हणजे अडीच तास, सलग बोलत होता. घाटातल्या प्रत्येक वळणाची त्याच्याकडे एक गोष्ट होती, आणि वळणं पुष्कळ होती.

मोरोक्कोतल्या माराकेशहून फेस शहरापर्यंत, वाळवंटातून तीन दिवस, दोन मुक्काम. बावीस वर्षं बास्सू ही फेरी करत होता. या खेपेला मागच्या बाकावर हॉलंडचं एक तरुण जोडपं होतं. ते दर दहा मिनिटांनी बदाम खायचं आणि बास्सू काहीही बोलला तरी "वा!" म्हणायचं. पुढे त्याच्या शेजारी लल्ला झोहर; तिकडे मानाने 'बाई' म्हणायचं तर 'लल्ला' म्हणतात. कासाब्लांकाच्या एका टपाल कचेरीवर तीस वर्षं राज्य करून त्या निवृत्त झाल्या होत्या. म्हणजे कचेरी सुटली होती, राज्य चालू होतं.

घाट उतरल्यावर लल्लांनी पायापाशी घरंगळत आलेली वस्तू उचलली. निळ्या कागदात गुंडाळलेला, वीतभराहून उंच असा साखरेचा सुळका. कागदाचा रंग पार उडाला होता.

"कुणाच्या मागणीला निघालायस रे?" लल्लांनी विचारलं. मुलीकडे बोलणी करायला जाताना असाच सुळका नेतात, हे काही त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

बास्सू गप्प झाला. हॉलंडच्या जोडप्याने घाबरून बदाम खाली ठेवले. त्यांना वाटलं, गाडीत बिघाड झाला.

दादेसच्या मुक्कामापर्यंत लल्लांनी सगळं काढून घेतलं. मर्झूगाच्या टेकड्यांपाशी प्रवाशांचा तळ होता, तिथलं स्वयंपाकघर इत्तू नावाची बाई सांभाळायची. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, बास्सूची बायको जाऊन सहा. इत्तूच्या हातची ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेलं जर्दाळू घातलेलं मटण, खाल्ल्यापासून बास्सूचं फेसकडे लक्ष लागेना. चार वर्षांपूर्वी धीर करून तो साखर घेऊन तिच्या दारात उभा राहिला होता.

"मग?"

"तोंडातून शब्द फुटला नाही, लल्ला."

"तुझ्या?"

"माझ्या. ती म्हणाली, बरं झालं, सामान आलं. आणि तिथल्या तिथे फोडून उंटवाल्यांना चहा केला."

लल्ला झोहर खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे मात्र बराच वेळ हलत होते.

"गाढवा, साखर घेऊन नवरदेव स्वतः जातो होय? वडीलधारी माणसं लागतात. शिधा पोचवणारा आणि मागणी घालणारा यात काही फरक नको?"

"वडीलधारा एक भाऊच आहे. अगादीरला. दर वेळी त्याचे गुडघे दुखतात."

"आणि हा सुळका?"

"हा दुसरा. ही याची एकोणिसावी फेरी. नेतो, परत आणतो."

"म्हणजे कित्येक वाटाड्यांपेक्षा याला रस्ता जास्त पाठ असेल," लल्ला म्हणाल्या. "उद्या मी बोलते. तू फक्त दाढी कर."

दुसऱ्या दिवशी तोद्राच्या घळीत बास्सू गोष्ट सांगायलाच विसरला. जोडप्याने आपली आपणच पुस्तकातून वाचून घेतली आणि "वा!" म्हटलं.

मर्झूगाला उन्हं उतरता उतरता ते पोचले. लल्लांनी जोडप्याला धुतलेले कपडे घालायला लावले. मागणीला माणसं कमी दिसून चालत नाही. सहलीच्या कार्यक्रमात हे छापलेलं नव्हतं, त्यामुळे दोघं फारच खूश झाली. नवऱ्याच्या हातात सुळका दिला, बायकोच्या हातात खजुराचं ताट. बास्सूला लल्लांनी मागे, स्वयंपाकाच्या तंबूच्या खांबापाशी उभं केलं आणि वरात स्वयंपाकघरात शिरली.

इत्तू परातीत पीठ मळत होती. तिने आधी हॉलंडवाल्याकडे पाहिलं, मग सुळक्याकडे, मग पुन्हा हॉलंडवाल्याकडे.

"बाई," लल्ला खास आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बागेतलं एक फूल आमच्या घरात यावं, एवढीच इच्छा घेऊन आम्ही लांबून आलोय."

इत्तूने हात झटकले. "लल्ला, माझ्याकडे मुलगी नाही हो. दोन मुलगे आहेत, दोघांचीही लग्नं झालीत. आणि हा पोरगा तर बायकोसकट आलाय!"

"वा!" पोरगा म्हणाला.

"हा नव्हे. हा नुसता साखर धरायला आहे. आणि फूल म्हणजे तुम्हीच."

इत्तूने पदराखाली लपवावं तसं आपलं हसू ओढणीच्या टोकात दाबलं. "मी? माझ्या गुडघ्यांना विचारा, फूल म्हणताय ते! बरं, कुणासाठी?"

लल्लांनी खांबाकडे बोट केलं. खांबाआड बास्सूची अर्धी मिशी दिसत होती.

"तो?" इत्तू थक्क झाली. "तो मुका माणूस?"

"मुका?"

"पाच वर्षं बघतेय, लल्ला. जेवण वाढलं की मान हलवतो, पाणी हवं तर पेला दाखवतो. मी तर त्याच्याशी हातवाऱ्यांनीच बोलते. बिचारा गाडी कशी चालवतो, पाव्हण्यांना रस्ता कसा सांगतो, मला कोडंच होतं!"

टपाल कचेरीत रांग मोडणाऱ्याकडे वळाव्यात तशा लल्ला खांबाकडे वळल्या.

"बास्सू, बोल रे काहीतरी," त्या ओरडल्या.

बास्सू पुढे आला. तोंड उघडलं, मिटलं. मग त्याने पेला दाखवला. इत्तूने सवयीने त्यात पाणी ओतलं.

सुळका तिने फडताळावर ठेवला. "सकाळी सांगते," एवढंच म्हणाली आणि पुन्हा पिठात हात घातला.

याचा अर्थ हॉलंडवाले सोडून तंबूतल्या सगळ्यांना ठाऊक होता. नकार असेल तर साखर आली तशी अख्खी परत येते. होकार असेल तर ती फुटते.

त्या रात्रीच्या ताजीनमध्ये बास्सूच्या वाटणीला सहा जर्दाळू आले. इतरांना तीन-तीन. ही शुभ खूण की निरोपाचं जेवण, यावर लल्लांनी बराच विचार केला. बास्सूने जर्दाळू मोजून खाल्ले आणि मुकाट्यानेच झोपायला गेला.

सकाळी गाडी निघायची वेळ झाली. फेसचा पल्ला मोठा, अझ्रूच्या माकडांपाशी थांबायचं कबूल केलेलं. बास्सूने सामान लादलं, काच पुसली, पुसलेली काच परत पुसली. लल्ला पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांच्या हातातली माळ एकाच मण्यावर अडकली होती.

इत्तू स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोन्ही हातांत सुळका होता. अख्खा. उडालेल्या निळ्या कागदासकट.

बास्सूने बघितलं आणि नजर टायरकडे वळवली. विसाव्या फेरीची तयारी त्याने मनातल्या मनात केली. सुळक्याला पायापाशीच ठेवावं, की आता डिकीत? बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या वाळूची शांतता खरोखर ऐकू आली, आणि ती मुळीच आवडली नाही.

इत्तू त्याच्यासमोर येऊन थांबली. या वेळी तिने हातवारे केले नाहीत.

"अहो," ती म्हणाली, "माझा हातोडा उंटवाल्याने नेलाय, आणि ही साखर दगडासारखी झालीय. गाडीत चाकाचा पाना असेल ना? जरा द्या."