मी वेंडेलला उठवायचो

मी बुलपेनमधला फोन बोलतोय. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात लागेन, पोरीबाळी माझ्यावर तासन्‌तास खिदळतील. कसलं काय! नशिबी आलं ओहायोतलं एक बेसबॉलचं मैदान. कुंपणामागं बुलपेन, तिथं बदली पिचर म्हणजे चेंडू फेकणारे बसायचे; त्यांच्या बाकामागच्या भिंतीवर मला ठोकलं. तारेच्या दुसऱ्या टोकाला संघाचा मॅनेजर. खेळणाऱ्या पिचरचा हात थकला की मी खणाणायचो.

अकरा वर्षांत सगळ्यात जास्त उठवलं ते वेंडेल प्रुइटला. "उठव त्याला," मॅनेजर म्हणायचा. वेंडेल वीस-तीस चेंडू फेकून हात गरम करायचा. तोवर मी पुन्हा वाजायचो, "राहू दे, बसव." एका सामन्यात असं दोनदा, तीनदा. ते चेंडू कुणाच्या हिशेबात नसत, पण हात झिजायचा. मला भारी चीड यायची. पण वाजणं का माझ्या मर्जीवर होतं?

एका सप्टेंबरात चार दिवस लागोपाठ त्याला उठवलं. पाचव्या दुपारी तो डाव्या हातानं सूर्यफुलाच्या बिया खात होता. उजवा हात नुसता मांडीवर पडलेला.

"कोपर सुजलंय रे," त्याचे चेंडू झेलणारा कॅचर नेस्टर म्हणाला. "सांग ना, तोंड शिवलंय का तुझं?"

"गप बस. आज सांगितलं की उद्या माझ्या कपाटावर दुसऱ्याचं नाव. सदतीस वर्षांचा घोडा झालोय, मला दुसरं येतं काय?"

तेवढ्यात मी वाजलो. बुलपेनचा म्हातारा प्रशिक्षक ऑर्विल, त्यानं मला उचललं.

"वेंडेलचा हात कसाय?" मॅनेजरनं विचारलं.

ऑर्विलनं वेंडेलकडं पाहिलं. वेंडेलनं 'सांगू नकोस' अशी मान हलवली.

"ठणठणीत," ऑर्विल म्हणाला.

एरवी माझ्यात नुसती खरखर असायची. तो शब्द मात्र मी अगदी स्वच्छ पोचवला. त्याची लाज अजून जात नाही.

मॅनेजरनं लगेच त्याला उठवायला सांगितलं. हात गरम करताना बाविसाव्या चेंडूला वेंडेल किंचाळला आणि कोपर धरून मातीत बसला. नेस्टर धावला. आणि मी पुन्हा वाजलो.

"आज गरज नाही, ऑर्विल. बसव त्याला."

"बसलाय," ऑर्विल म्हणाला.

वेंडेल पुन्हा कधी खेळला नाही.

आता ते मैदानही पाडलं. एका हौशी माणसानं मला घरी आणलंय. नवी तार जोडून मला वाजता करीन म्हणतो. बाबा रे, भिंतीवर खुशाल लाव. पण तार जोडू नकोस. मला आता कुणाला उठवायचं नाही.